बाकड्यावरच्या माणसांना विचारून

आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात मनोविकारतज्ज्ञ महिन्यातून दोनदा येतात. त्या दिवशी सकाळी साडेआठपासून व्हरांड्यातल्या लांब लोखंडी बाकड्यावर, आणि बाकडे भरले की भिंतीकडेच्या फरशीवर, चाळीस-पन्नास माणसे बसलेली असतात. त्यांतली एक मी असते. मला बायपोलर, म्हणजे मनःस्थितीत टोकाचे चढउतार होणारा आजार आहे आणि २००९ सालापासून लिथियमच्या गोळ्या चालू आहेत. मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. माहेर तापीकाठचे आणि सासर सातपुड्याच्या पायथ्याचे, त्यामुळे घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात पावरी-भिली या आदिवासी बोली, असे माझे कान तयार झालेले आहेत. आधी जिल्ह्याच्या गावी आणि नंतर इथे, असे बाकड्यावर बसून इतक्या वर्षांत जे पाहिले त्यावरून माझे एक मत पक्के झाले आहे. मानसिक आरोग्याची सेवा कोणत्या दिवशी, कोणत्या जागी, कोणत्या बोलीत आणि कशा प्रकारे द्यायची हे जिथे ठरते, त्या बैठकीत ही बाकड्यावरची माणसे पहिल्या दिवसापासून असली पाहिजेत.

मागच्या आषाढातली गोष्ट सांगते. डोंगरातल्या एका पाड्यावरून एक आजी आपल्या पंचविशीतल्या मुलाला घेऊन आली होती. डॉक्टर चांगले आहेत, मनापासून विचारतात. त्यांनी विचारले, "कानात आवाज येतात का? झोप लागते का? गोळ्या नियमित घेतो का?" आजीने प्रत्येक प्रश्नाला मान हलवून "हो" म्हटले. तिला मराठी फारसे येत नव्हते आणि साहेबांना नाही म्हणू नये एवढे तिला माहीत होते. केसपेपरवर मागचीच औषधे पुन्हा लिहिली जाणार, एवढ्यात व्हरांड्यात फरशी पुसणाऱ्या मावशी दाराशी थांबल्या. त्या त्याच बाजूच्या पाड्यावरच्या. त्यांनी आजीला पावरीतून काहीतरी विचारले आणि आजी जी बोलायला लागली ती पाच-सात मिनिटे थांबलीच नाही. मावशींनी त्याचे मराठीत जे करून सांगितले ते असे, की गोळ्या सुरू झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोराची मान एका बाजूला वाकडी होऊन अडकली, जीभ जड झाली. देवाने मान पिरगाळली असे समजून घरच्यांनी त्याला भगताकडे नेले आणि गोळ्या चुलीत टाकल्या. त्याला पाच महिने झाले होते. डॉक्टरांनी लगेच गोळी बदलली, मात्रा कमी केली आणि अंग आखडू नये म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल लिहून दिले. मान वाकडी होणे हा त्या औषधांचा ओळखीचा दुष्परिणाम आहे आणि त्यावर उपाय आहे, हे आजीला समजेल अशा भाषेत सांगायला अर्धा मिनिट लागला.

त्या दिवशी मावशी दुसऱ्या पाळीला असत्या तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही. तज्ज्ञ होते, औषध होते, खोली होती, आणि तरी सगळा उपचार एका फडक्याच्या योगायोगावर टांगलेला होता. नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. तिथल्या मनोविकार विभागात पावरी-भिली बोलणारा माणूस ही सोय नव्हे, ती स्टेथोस्कोपाइतकी गरज आहे. कारण आमच्या आजारात रक्ताच्या रिपोर्टाआधी बोलणे तपासले जाते. त्या मावशींना या कामाचे दोन पैसे जास्त मिळावेत, त्यांच्या नावापुढे 'दुभाषी' असे पद लिहिले जावे, असे मला फार वाटते.

अहिराणीचेही तेच. आमच्याकडे शेतकरी माणूस 'मला नैराश्य आले आहे' असे म्हणत नाही. तो म्हणतो, "मन लागत नही." बाई म्हणते, "जीव घाबरस, डोकामा ईचार फिरतस." तपासणीच्या छापील प्रश्नावलीत 'गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस' असे विचारलेले असते, आणि समोरचा माणूस गोंधळून बोटे मोजत बसतो. आजारी माणसे आणि त्यांचे घरचे यांचा आमचा एक गट आहे, त्यातल्या एका काकूंनी सुचवले की 'मांगला दोन बाजारपासून' असे विचारा. आठवडे बाजार हाच इथला आठवडा आहे. तसे विचारायला लागल्यावर उत्तरे पटापट आणि खरी येऊ लागली. प्रश्नावली बनवणाऱ्यांच्या विद्वत्तेविषयी मला शंका नाही, पण ही सुधारणा कोणत्याही ग्रंथालयात सापडली नसती.

आपल्या देशात राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला. कर्नाटकातल्या बेळ्ळारी जिल्ह्यातल्या प्रयोगाच्या आधारे १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, आणि मनाचा आजार म्हणजे दूरच्या मनोरुग्णालयात रवानगी हे समीकरण निदान कागदावर तरी मोडले. महाराष्ट्रातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत; खानदेशातल्या माणसाला त्यांतले एकही जवळ नाही. म्हणून तालुक्याच्या गावी महिन्यातून दोनदा का होईना तज्ज्ञ येतो, याची किंमत मला चांगली कळते. पण सेवा जवळ आली तरी माणसे येत नाहीत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्ये पाहिली गेली. त्यांत महाराष्ट्र नव्हता, मात्र आपल्या सीमेला लागून असलेली गुजरात आणि मध्य प्रदेश होती. निरनिराळ्या मानसिक आजारांत सुमारे ७० ते ९२ टक्के लोक उपचाराविना होते. एवढी माणसे केवळ अज्ञानामुळे येत नाहीत असे म्हणणे सोपे आहे, पण ते मला पटत नाही. सेवा ज्यांच्यासाठी आहे त्यांच्या दिवसात ती बसत नाही, हे कारण कितीतरी मोठे आहे.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, तो अमलात आला २९ मे २०१८ रोजी. त्यातले अठरावे कलम मी शाळेतल्या फलकाशेजारी लिहून ठेवावे इतके मला प्रिय आहे. सेवा परवडणारी, चांगल्या दर्जाची, पुरेशी आणि जवळ असली पाहिजे, एवढ्यावर ते कलम थांबत नाही. आजार असलेल्या माणसाला, त्याच्या कुटुंबाला आणि त्याची काळजी घेणाऱ्यांना ती स्वीकारार्ह वाटेल अशा रीतीने दिली पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. 'स्वीकारार्ह' हा शब्द कायद्याने वापरला आहे, आणि काय स्वीकारार्ह हे स्वीकारणाऱ्याला विचारल्याशिवाय कळायचे कसे? याच कायद्याने आजारी माणसांच्या हक्कांच्या तक्रारी ऐकणाऱ्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळांत दोन जागा आजार अनुभवलेल्या व्यक्ती, काळजीवाहक किंवा त्यांच्या संस्था यांच्या प्रतिनिधींसाठी ठेवल्या आहेत. म्हणजे आमच्या बोलण्याला वजन आहे हे संसदेने मान्य केले आहे. तालुक्याच्या पातळीवर ते अजून उतरायचे आहे.

काही वर्षांपूर्वी मला अशाच एका नियोजनाच्या बैठकीचे बोलावणे आले होते. कुठल्या कार्यालयाची ते सांगत नाही, कारण प्रश्न एका कार्यालयाचा नाही. आमच्या गटातून तिघांना बोलावले होते, गेले मी एकटी. एकाचा जिनिंगमधला रोज बुडणार होता आणि दुसरीच्या आजारी मुलाला सांभाळायला घरी कोणी नव्हते. 'लाभार्थी प्रतिनिधी' अशी चिठ्ठी लावलेली खुर्ची शेवटच्या रांगेत होती. आराखडा आधीच छापून झाला होता. तपासणीचा वार बदलता येईल का, असे मी उठून विचारले, तेव्हा "ताई, सूचना लेखी द्या" असे सौजन्याने सांगण्यात आले. मी लेखी दिली. हजेरीपटावर सही केली, चहा घेतला आणि दुपारच्या एसटीने परत आले. अपमान झाला असे मी म्हणणार नाही, सगळे नीट वागले. पण आराखडा छापल्यानंतर बोलावणे याला विचारणे म्हणत नाहीत, आणि त्या दिवशी परतीच्या गाडीत मला रडू आले ते याच गोष्टीचे.

वाराचा प्रश्न वरवर किरकोळ वाटेल, म्हणून तो जरा सविस्तर सांगते. आमच्या गावचा बाजार ज्या दिवशी भरतो त्या दिवशी डोंगरातून जीपगाड्या भरभरून येतात. इतर दिवशी तीच जीप सुटत नाही. चालत दोन तास उतरायचे, मग एसटी. आजारी माणसाबरोबर एक सोबती लागतो, म्हणजे दोघांचा रोज बुडतो. मार्च २०२३ पासून बायांना एसटीत अर्धे तिकीट झाल्याने आईने मुलाला आणणे थोडे सोपे झाले आहे, पण डोंगरातल्या जीपला अर्धे तिकीट नाही. तपासणी बाजाराच्या दिवशी असली तर घरचा आमचूर, मिरची, शेंगा विकता येतात, किराणा होतो आणि औषधही मिळते. आणखी एक गोष्ट आमच्या गटातल्या तरुण मुलींनी सांगितली, जी मला स्वतःला कधी सुचली नव्हती. एरवीच्या दिवशी दवाखान्याच्या त्या विशिष्ट दाराशी उभे राहिले की गावात चर्चा होते. बाजाराच्या गर्दीत बाई कुठे गेली हे कोणी पाहत नाही. ज्या मुलीचे लग्न व्हायचे आहे तिच्यासाठी ती गर्दी हाच पडदा असतो.

वैद्यकीय अधिकाऱ्यांची अडचणही खरी होती. बाजाराच्या दिवशी साधी ओपीडीच इतकी तुंबते की मनोविकार विभागाला खोली उरत नाही. त्यांनी ती अडचण आमच्यासमोर मांडली, तेव्हा गटातल्या एका बाईने मागच्या बाजूची जुनी कुटुंब कल्याणाची खोली दाखवली, जिथे तेव्हा रिकामी खोकी भरलेली होती. तिथे पत्र्याची शेड आहे, कडुनिंबाची सावली आहे आणि दार रस्त्याकडे नाही. ही खोली रिकामी असल्याचे तिला माहीत होते, कारण ती दरवेळी मुलाला घेऊन तिथल्याच ओट्यावर डबा खात असे.

आता माझ्या गोळ्यांविषयी. लिथियम हे एक क्षारद्रव्य आहे आणि त्याचे रक्तातले प्रमाण फार सांभाळावे लागते. लिटरमागे साधारण ०.६ ते १.० मिलिइक्विव्हॅलंट असले तर औषध, त्याच्या फार वर गेले तर विष. शरीरातले पाणी आणि मीठ कमी झाले की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवते आणि प्रमाण चढते. २०१४ च्या मे महिन्यात जळगावकडे भाच्याच्या लग्नाला गेले होते. आमच्याकडचा मे ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो सांगायला नको. पारा ४४-४५ ला टेकलेला, मांडवात लू शिरत होती. बायकांसाठी मोरीची सोय नव्हती, म्हणून आम्ही सगळ्याच जणी पाणी मोजून पीत होतो. गुडघा दुखत होता म्हणून मेडिकलमधून दुखण्यावरची गोळी घेऊन दोन दिवस खाल्ली. तिसऱ्या दिवशी हाताला इतका कंप सुटला की कपबशी वाजू लागली. जुलाब लागले, चालताना झोक जाऊ लागला. सगळ्यांना वाटले ऊन लागले. कांद्याचा रस लावून झाला. शेवटी दवाखान्यात नेले, तेव्हा रक्तातले लिथियम जवळजवळ दुप्पट झालेले निघाले. चार दिवस सलाइनवर होते.

तोवर मी पाच वर्षे लिथियम घेत होते. पाच वर्षांच्या केसपेपरांवर 'औषधे चालू ठेवा' एवढेच लिहिलेले होते. उन्हाळ्यात पाणी कमी पडू देऊ नका, जुलाब-उलट्या झाल्या तर लगेच कळवा, डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारखी दुखण्यावरची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका, ही तीन वाक्ये मला कोणी सांगितली नव्हती. मला त्याचा राग आहे आणि तो मी लपवत नाही. चाळीसच्या वर तापमान जाणाऱ्या प्रदेशात लिथियम देणारी सेवा उन्हाळ्याचा विचार न करता आखली जाते, कारण आखणारे थंड खोलीत बसतात असे मी म्हणत नाही. ज्याच्या अंगावर ते घडते तो माणूस आखणीच्या वेळी तिथे नसतो, एवढेच म्हणते.

पुढे आमच्या गटाने 'उन्हाळ्याची चिठ्ठी' तयार केली. हा गट म्हणजे फार काही नाही. २०१८ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्या शाळेच्या वाचनालयात दहा-बारा जण जमतो. काही जण स्वतः आजारी, काही त्यांचे आई-बाप, भाऊ, नवरे, एक आशाताई. पुण्या-ठाण्याकडच्या स्वमदत गटांनी रुजवलेले 'शुभार्थी' (स्वतः आजार असलेला) आणि 'शुभंकर' (त्याची काळजी घेणारा) हे शब्द आम्हीही वापरतो, कारण 'रुग्ण' म्हटले की माणूस बाकड्यावरून कधी उठतच नाही. चिठ्ठी अहिराणीत आणि मराठीत, मोठ्या अक्षरांत, चित्रांसह केली. त्यात आम्ही एक गोष्ट घातली जी कोणत्याही माहितीपत्रकात मी वाचली नव्हती. आमच्याकडे अनेक बाया वाराला अळणी जेवतात, श्रावणात उपवास चढवतात. मीठ एकदम तोडले की लिथियम चढते. रोज्यांचेही तसेच, दिवसभर पाणी न पिण्याआधी डॉक्टरांशी बोलून गोळीच्या वेळा ठरवायला हव्यात. मसुदा डॉक्टरांना दाखवला, तेव्हा आम्ही 'मीठ जास्त खावे' असे लिहिले होते ते त्यांनी खोडले आणि 'मीठ नेहमीइतकेच खावे, वाढवू नये, तोडू नये' असे केले, कारण मीठ एकदम वाढवले तर औषध लघवीवाटे निघून जाऊन उतरते. अळणी वार त्यांना माहीत नव्हता, मीठ वाढवण्याचा धोका आम्हाला माहीत नव्हता. एका टेबलावर एक दुपार बसल्यावर चिठ्ठी झाली. ती चिठ्ठी आता अंगाला घाम कमी येऊ देणाऱ्या इतर मानसिक औषधांबरोबरही दिली जाते, कारण त्यांनाही उन्हाचा धोका असतो.

स्थलांतराविषयीही असेच विचारायला हवे होते. दिवाळी झाली की आमच्या भागातली कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला, वीटभट्ट्यांवर, गुजरातेत मजुरीला निघून जातात आणि होळीला परततात. होळीआधी भरणाऱ्या भोंगऱ्या बाजाराच्या आठवड्यात डोंगरातली सगळी वस्ती पुन्हा भरते. दवाखान्याच्या नोंदवहीत मात्र या चार महिन्यांत 'उपचार सोडला' असा शेरा पडतो. त्याने उपचार सोडला नाही, तो पोटामागे गेला. जाण्याआधी तीन महिन्यांची औषधे मिळणे, महिन्याची सुई चालू असेल तर ती कोणती आणि कधी दिली हे कार्डावर औषधाच्या मूळ नावाने लिहिलेले असणे, आणि होळीच्या आठवड्यात परतलेल्यांसाठी जादा तपासणी ठेवणे, एवढे केले तर निम्मे 'सोडलेले' सापडतील असे मला वाटते. ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र आहे आणि तो मी स्वतः अनेकांना लिहून दिला आहे. पण डोंगरात जिथे मोबाइलला रेंज यायला टेकाडावर चढावे लागते, आणि जिथे फोन नवऱ्याच्या खिशात असतो, तिथे त्या क्रमांकावर सगळी भिस्त ठेवता येत नाही.

आता जी गोष्ट लिहिते आहे ती लिहिताना हात जड होतो. आमच्या ओळखीच्या एका घरात एकोणीस वर्षांच्या मुलाला गोठ्याच्या मेढीला दाव्याने बांधून ठेवत असत. कायद्याच्या पंच्याण्णवाव्या कलमाने माणसाला साखळदंडाने बांधणे कोणत्याही स्वरूपात निषिद्ध केले आहे, हे मला पाठ होते आणि मी तणतणत त्या घरी गेले. त्याची आई कापूस वेचून आली होती, बोटे बोंडांच्या टोकांनी चिरलेली. तिने मला पाणी दिले आणि म्हणाली, "ताई, सोडी दिन्हा ते तो रेल्वेना पट्टरीकडे जास. मी वेचाले नही गई ते खासूत काय? तू बसशी का याना जोडे?" मला उत्तर देता आले नाही. त्या दाव्याच्या जागी आपण काय देणार, हा तिचा प्रश्न होता. जनजागृतीचे भाषण तिला नको होते. वेचणीच्या तीन महिन्यांत सकाळी नऊ ते सहा मुलाला सुरक्षित ठेवता येईल अशी गावातली एक जागा, एक समजदार माणूस आणि दुपारची भाकरी एवढे तिला हवे होते. गेल्या हंगामात एका निवृत्त शिक्षकांच्या ओसरीवर आम्ही तसे करून पाहिले. तीन मुले येत, शेंगा फोडत, पत्ते खेळत, झोपत. तो मुलगा आता महिन्याच्या सुईवर आहे आणि दावे सुटले आहे. पण ओसरी ही सेवा नव्हे. ती सरकारी आराखड्यात 'दिवसाचे केंद्र' म्हणून यावी आणि तिचे वेळापत्रक कापसाच्या वेचणीवर ठरावे, अशी आमची मागणी आहे.

भगताकडे जाणाऱ्यांवर चिडून काही होत नाही, हेही याच वर्षांत शिकले. भगत आपल्या बोलीत बोलतो, रात्री-अपरात्री दार उघडतो, अख्ख्या घराला समोर बसवतो. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून 'दवा आणि दुआ' या नावाने दर्ग्याच्या मुजावरांना बरोबर घेऊन उपचार सुरू झाला, तो मला म्हणूनच शहाणपणाचा वाटतो. मारहाण, चटके, उपाशी ठेवणे याला मात्र कुठेही जागा नाही, आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, चटके देणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

झिंबाब्वेमध्ये हरारे शहरात डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये दवाखान्याच्या आवारात झाडाखाली बाकडी टाकून तिथे प्रशिक्षित आज्या बसवल्या. आधी त्या बाकड्याच्या नावात 'मानसिक आरोग्य' असे शब्द होते, तेव्हा कोणी फिरकेना. आज्यांनीच नाव बदलून 'मैत्रीचे बाकडे' करायला सांगितले. तिथल्या शोना भाषेत या दुखण्याला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे फार विचार करणे. आमच्या 'डोकामा ईचार फिरतस'चे हे सख्खे भावंडच. जवळचे उदाहरण हवे तर विदर्भातल्या ३० गावांत गावातलेच कार्यकर्ते तयार करून झालेल्या 'विश्राम' या कामात नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.

गावातले कार्यकर्ते म्हटले की सगळ्यांचे बोट आशाताईंकडे जाते. आमच्या गटातली आशाताई सोन्यासारखी आहे. तरीही एका नव्या सुनेने मला बाजूला घेऊन सांगितले, की आशाताई तिच्या सासूची भाचसून आहे आणि तिच्याजवळ काही बोलले की रात्रीच्या जेवणाआधी ते घरात पोचते. म्हणून गावातल्या माणसाबरोबर बाहेरचे माणूस निवडण्याचीही मुभा हवी. हेसुद्धा विचारल्याशिवाय कळले नसते, आणि मी तर गावातलाच कार्यकर्ता सर्वांत चांगला असे सगळीकडे सांगत सुटले होते.

विचारायला पैसे लागतात, हे मात्र कोणत्याच आराखड्यात नसते. तज्ज्ञांना बैठकीचा प्रवासभत्ता मिळतो. शुभार्थीला बुडालेला रोज, दोन माणसांचे भाडे आणि घरी राहिलेल्या आजारी माणसाजवळ बसणाऱ्याची सोय मिळाली पाहिजे. बैठक त्यांच्या बोलीत व्हावी. आणि जी सूचना मान्य झाली नाही ती का नाही, हे पुढच्या वेळी परत येऊन सांगावे. त्या शेवटच्या रांगेत बसून मी दिलेल्या लेखी सूचनेचे काय झाले हे मला आजतागायत कळलेले नाही. 'जमणार नाही' असे उत्तर आले असते तरी मी पुढच्या बैठकीला आनंदाने गेले असते.

आमच्या तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी दिवाळीनंतर महिन्यातली एक तपासणी बाजाराच्या दिवशी, मागच्या खोलीत घेऊन पाहायचे कबूल केले. सहा महिने पाहू, मग ठरवू, असे ठरले आहे. पहिल्या खेपेला मी शाळेतून अर्धी रजा घेऊन गेले. कडुनिंबाखाली सतरंजी होती, माठ होता, मावशींची पाळी मुद्दाम सकाळची लावून घेतली होती. आषाढातली ती आजी साडेअकराला आली, मुलाच्या डोक्यावर रिकामी टोपली. मान सरळ होती. तिने आधी सगळी मिरची विकली होती, चांगला भाव आला म्हणून खुशीत होती. मावशींनी तिला विचारले, आणि डॉक्टर लिहीत असताना ती मध्येच काहीतरी बोलली. मावशी म्हणाल्या, "साहेब, ती म्हणते, जीप तीनला सुटते, तिचा नंबर जरा आधी घ्या." डॉक्टरांनी नर्सबाईंना सांगितले की इथून पुढे डोंगरातल्यांचे केसपेपर वर ठेवा.